टीबी ‘घराण्यात असतो’ म्हणजे नेमकं काय? जनुकांचा वाटा, आकडे आणि तपासण्या

जनुकवाचक

१८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि ‘क्षय रक्तातूनच येतो’ ही जुनी समजूत मोडीत निघाली. पण प्रश्न अर्धाच मिटला. जंतू कुणाच्या फुप्फुसात ठाण मांडतो आणि कुणाच्या नाही, हे फक्त जंतूवर ठरत नाही. त्यात जनुकांचा हात किती आणि त्याचा प्रत्यक्षात उपयोग काय, यासाठी हा धागा. माहीतगारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना या जंतूचा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो. त्यातल्या ५ ते १० टक्क्यांनाच पुढे आजार होतो, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांना पहिल्या दोन वर्षांतच. बाकीच्यांच्या शरीराने जंतू कोंडून ठेवलेले असतात किंवा संपवलेले असतात.

‘टीबीची प्रवणता’ हा एक शब्द आहे, पण त्यात तीन वेगळे टप्पे दडलेत. (१) रुग्णाच्या सोबत राहूनही संसर्गच न होणं. (२) संसर्ग होऊन तो दबून राहणं. (३) आजार झालाच तर तो कोणत्या रूपात: फुप्फुसाचा, हाडाचा, की मेंदूच्या आवरणाचा. प्रत्येक टप्प्यावर वेगळी जनुकं काम करत असू शकतात. तिन्ही एकाच पोत्यात भरले की अभ्यासाचं पीठ होतं. या विषयावरचे निम्मे विसंवादी निष्कर्ष त्यातूनच आलेत असं माझं मत.

यातलं सगळ्यांत नीट उलगडलेलं यंत्र असं. मॅक्रोफेज ही भक्षक पेशी जंतू गिळते आणि इंटरल्युकिन-१२ (आयएल-१२) हा रासायनिक संदेश सोडते. ते टी-पेशी आणि एनके-पेशी (दोन्ही संरक्षक पांढऱ्या पेशी) यांच्या ग्राहीवर, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनावर, बसतं. त्या उलट टपाली इंटरफेरॉन-गॅमा पाठवतात. ते मॅक्रोफेजच्या ग्राहीवर बसलं की आत स्टॅट-१ नावाचं प्रथिन चेततं आणि पेशी गिळलेल्या जंतूला मारायला सज्ज होते. या जा-ये मध्ये जिथे तार तुटेल तिथे मायकोबॅक्टेरियांना (क्षयजंतूच्या कुळातल्या जंतूंना) रान मोकळं.

आता जुळ्यांचे आकडे. १९४३ मध्ये कालमन आणि राइस्नर यांनी मांडलं की एकबीज जुळ्यांत एकाला टीबी असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ८७ टक्के, द्विबीज जुळ्यांत २६ टक्के. ब्रिटनमधल्या प्रॉफिट सर्वेक्षणातल्या जुळ्यांचं कॉमस्टॉकने १९७८ मध्ये पुन्हा विश्लेषण केलं तेव्हा हेच आकडे ३१.४ आणि १४.९ वर आले. दुप्पट फरक राहिलाच, पण ८७ कुठे आणि ३१ कुठे!

काटेकोर

८७ आणि ३१ मधल्या दरीत रुग्ण गोळा करण्याच्या पद्धतीचा मोठा हात असू शकतो. रुग्णांच्या नोंदीतून जुळी शोधली की काय होतं ते आकड्यांत बघा.

समजा १०० जोड्या अशा आहेत की किमान एकाला टीबी आहे. २५ जोड्यांत दोघांनाही, ७५ मध्ये एकालाच. म्हणजे खरं प्रमाण २५ टक्के. आता कोणताही रुग्ण नोंदवहीत सापडण्याची शक्यता २० टक्के धरा. एकच आजारी असलेली जोडी सापडण्याची शक्यता २० टक्के, म्हणून ७५ पैकी १५ सापडतील. दोघं आजारी असलेली जोडी दोघांपैकी कुणीही सापडला तरी सापडते: १ वजा ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ३६ टक्के. २५ पैकी ९. एकूण २४ जोड्या हाती आल्या, त्यात ९ ‘दोघंही’. प्रमाण दिसतं ३७.५ टक्के. जनुकांनी काही केलेलं नाही, पण २५ चे साडेसदतीस झाले.

त्यात एकबीज जुळी एका खोलीत, एका वर्गात, एका मित्रमंडळात जास्त असतात. एकाच्या खोकल्याचे थेंब दुसऱ्याच्या वाट्याला अधिक येतात. २००७ मध्ये प्रॉफिटच्या आकड्यांचं आणखी एकदा विश्लेषण झालं, तेव्हा सहवासाची तीव्रताच वरचढ ठरली. जुळ्यांच्या अभ्यासांवरून ‘जनुकांचा हात आहे’ एवढं म्हणा. ‘इतके टक्के’ म्हणू नका.

अडगळ

जुळ्यांपेक्षा ल्युबेकचं उदाहरण जास्त बोलकं नाही का? १९२९-३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक शहरात सुमारे २५० नवजात बाळांना तोंडावाटे बीसीजी (जिवंत पण दुबळ्या जंतूची क्षयलस) दिली गेली, आणि त्या लशीत चुकून खरा क्षयजंतू मिसळला होता. सत्तरहून अधिक बाळं गेली, पण बहुसंख्य जगली. सगळ्यांना तेच जंतू, तेच वय, तोच मार्ग. मग फरक बाळांच्या जनुकांचाच.

काटेकोर

‘तेच जंतू’ बरोबर, ‘तेवढेच जंतू’ नाही. लशीच्या सगळ्या कुप्यांत भेसळ सारखी नव्हती. २०१६ मध्ये त्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा जास्त भेसळीची लस मिळालेल्या बाळांत आजार आणि मृत्यू ठळकपणे जास्त निघाले. म्हणजे मात्रेनेच बराच फरक पाडला. उरलेल्या फरकात जनुकं असतील, पण ल्युबेक हा जनुकांचा स्वच्छ पुरावा म्हणून देऊ नये.

जनुकवाचक

मान्य. मीही इतरत्र ते उदाहरण दिलं होतं, आता थांबवतो.

दुवा_तुटला

आता ज्या जागी शंकेला वाव नाही तिकडे येऊ: एकाच जनुकातला बिघाड. या गटाला एमएसएमडी म्हणतात, म्हणजे मायकोबॅक्टेरियांपुढे मेंडेलच्या नियमांनी चालणारी दुबळी बाजू. १९९६ मध्ये माल्टातल्या एका खेड्यातली मुलं आणि ट्युनिशियातलं एक बाळ यांच्यात इंटरफेरॉन-गॅमाच्या ग्राहीचं जनुक आयएफएनजीआर१ बिघडलेलं सापडलं आणि हे दार उघडलं. १९९८ मध्ये आयएल१२बी (आयएल-१२ चं जनुक) आणि आयएल१२आरबी१ (त्याच्या ग्राहीचं). मग स्टॅट१, आयआरएफ८, आयएसजी१५ अशी यादी वाढत गेली. बहुतेक सगळी जनुकं वर सांगितलेल्या त्याच तारेवरची.

संशय कधी घ्यायचा?

– बीसीजीनंतर काखेतली गाठ एवढंच नाही, तर हाडात, यकृतात, दूरच्या लसीकाग्रंथींत पसरलेला बीसीजीचाच आजार.
– पाण्यामातीतल्या, एरवी निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांचा सर्वांगी संसर्ग.
– त्यासोबत पुन्हापुन्हा होणारा टायफॉइडेतर साल्मोनेला. आयएल१२आरबी१ च्या बिघाडात ही जोडी खास.
– एकामागून एक हाडांत मायकोबॅक्टेरियांचा दाह. आयएफएनजीआर१ च्या प्रभावी प्रकाराची (एकच प्रत बिघडली तरी होणाऱ्या) ही खूण.
– आईवडील रक्ताच्या नात्यातले असणं, किंवा आधीचं भावंड अशाच आजाराने गेलेलं असणं.

काहींना बीसीजीचा काहीच त्रास झालेला नसतो आणि पहिलं लक्षण म्हणून थेट तीव्र टीबीच येतो. आयएल१२आरबी१ मध्ये हे नीट नोंदलं गेलंय. म्हणून ‘बीसीजी पचली होती, म्हणजे काही नाही’ हा तर्क चालत नाही.

तपासणीचा क्रम. आधी एचआयव्ही वगळा, लिम्फोसाइटची मोजदाद करा (गंभीर संयुक्त प्रतिकारक्षमता बिघाड म्हणजे स्किड, त्यातही बीसीजीचा जंतू पसरतो), आणि क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजसाठी (भक्षक पेशींना जंतू जाळता न येण्याचा आनुवंशिक आजार) डीएचआर ही रक्तचाचणी करा. मग खास चाचण्या:

रक्तद्रवातला इंटरफेरॉन-गॅमा. ग्राही पूर्ण निकामी असेल तर तो वापरलाच जात नाही, रक्तात साचतो आणि पातळी चढलेली दिसते. स्वस्त आणि सोपी खूण.

फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या चाचणीने) आयएल-१२ च्या ग्राहीचा भाग (सीडी२१२). इथे हमखास चूक होते ती अशी: विश्रांतीतल्या लिम्फोसाइटवर हा ग्राही नगण्यच असतो. पीएचए या चेतक द्रव्याने पेशी दोनतीन दिवस चेतवल्याशिवाय मोजला तर निरोगी माणूसही ‘अभाव’ म्हणून निघतो.

आयएफएनजीआर१ च्या प्रभावी प्रकारात उलटाच चकवा. प्रथिनाची आतली शेपटी तुटलेली असते, त्यामुळे पेशी ते परत आत ओढू शकत नाही आणि पृष्ठभागावर ग्राही खच्चून भरलेले दिसतात. अहवाल ‘भरपूर’ म्हणतो आणि ग्राही मात्र मुका. म्हणून ग्राही आहे का यावर न थांबता तो बोलतो का हे बघायचं: इंटरफेरॉन-गॅमा देऊन स्टॅट-१ ला फॉस्फेट लागतो का.

रक्तावरची कार्यचाचणी: तीन नळ्यांत अनुक्रमे फक्त बीसीजी, बीसीजी अधिक आयएल-१२, बीसीजी अधिक इंटरफेरॉन-गॅमा. दोनएक दिवसांनी कोणत्या नळीत काय तयार झालं ते मोजायचं. आयएल-१२ वरून टाकूनही इंटरफेरॉन वाढलं नाही, तर बिघाड आयएल-१२ च्या ग्राहीकडे. आयएल-१२ टाकल्यावर वाढलं, तर ग्राही शाबूत, आयएल-१२ च कमी बनतंय.

सरतेशेवटी एक्झोम (जनुकांच्या प्रथिनं ठरवणाऱ्या सगळ्या भागांचं वाचन) किंवा निवडक जनुकांचं पॅनल. एक्झोम ‘स्वच्छ’ आला म्हणून फाईल मिटू नका. मोठे तुकडे गळालेले किंवा इंट्रॉनच्या (जनुकातल्या प्रथिन न ठरवणाऱ्या भागांच्या) आतले बदल त्यात सहज निसटतात.

वाचनमात्र

यातून उपचार बदलतात का, की नुसतं नाव कळतं?

दुवा_तुटला

बदलतात, आणि चांगलेच. बिघाड आयएल-१२ च्या बाजूला असेल तर इंटरफेरॉन-गॅमा बाहेरून टोचून देता येतं. सुरुवातीची नेहमीची मात्रा त्वचेच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला ५० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून तीनदा, जंतूवरची औषधं चालू ठेवूनच. ग्राहीच पूर्ण निकामी असेल तर हे इंजेक्शन म्हणजे बंद दारावर टकटक. तिथे रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण हाच विचार. एकच आजार दिसतो, पण एका जनुकात जे औषध आहे ते शेजारच्या जनुकात वाया.

शिवाय बीसीजीचा जंतू पायराझिनामाइडला जन्मजात दाद देत नाही. बीसीजीच्या आजारात नेहमीची चार औषधं डोळे मिटून दिली तर प्रत्यक्षात तीनच लागू होतात. आणि पुढच्या भावंडाला निदान स्पष्ट होईपर्यंत बीसीजी थांबवायची. अप्रभावी प्रकारात (दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणाऱ्या) प्रत्येक पुढच्या अपत्याला २५ टक्के शक्यता असते.

मोठ्या वयात हेच चित्र दिसलं तर जनुकांआधी इंटरफेरॉन-गॅमाविरुद्धची स्वप्रतिपिंडं तपासा. तार तीच तुटते, पण आनुवंशिक बिघाडाने नाही.

अडगळ

२०२४ मधली टीएनएफची (दाह पेटवणाऱ्या संदेशक प्रथिनाची) गोष्ट इथेच बसते. कोलंबियातल्या दोन चुलत-मावस नात्यातल्या रुग्णांत टीएनएफ मुळीच बनत नव्हतं. एवढं मध्यवर्ती प्रथिन नाही म्हटल्यावर माणूस सगळ्याच संसर्गांनी बेजार होईल असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांना त्रास होता तो पुन्हापुन्हा होणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीचा. फुप्फुसातल्या वायुकोशांमधल्या मॅक्रोफेजना जंतू जाळायला लागणारा ऑक्सिजनचा स्फोट टीएनएफशिवाय जमत नाही. संधिवातासाठी टीएनएफरोधक औषधं घेणाऱ्यांत टीबी डोकं वर काढतो, त्याचं हे आनुवंशिक जुळं भावंड.

जनुकवाचक

दुर्मिळ आणि सामान्य जनुकबदल यांच्या मधला दुवा म्हणजे टीवायके२, ग्राहीचा संदेश पेशीच्या आत नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक. या जनुकातला पी११०४ए हा बदल एकाच प्रतीत असला तर काही नाही. दोन्ही प्रतींत असला तर टीबीचा धोका बराच वाढतो. युरोपीय वंशाच्या लोकांत दोन्ही प्रती असणारे सुमारे ६०० मध्ये एक, इतरत्र बरेच कमी. २०१८ मध्ये यंत्रणा कळली: हा बदल इंटरफेरॉन-अल्फा, आयएल-१०, आयएल-१२ यांना धक्का लावत नाही, फक्त आयएल-२३ च्या वाटेने येणारं इंटरफेरॉन-गॅमा कापतो. २०१९ मध्ये यूके बायोबँकेच्या विश्लेषणातून अंदाज आला की युरोपीय लोकांतल्या टीबीपैकी सुमारे १ टक्का या एका बदलाच्या खात्यावर जातो. एक टक्का कमी वाटेल, पण एका अक्षरासाठी तो प्रचंड आहे.

पुढचं अधिक रंजक. २०२१ मध्ये हजाराहून अधिक प्राचीन युरोपीय सांगाड्यांच्या डीएनएत हा बदल मोजला, तर गेल्या सुमारे दोन हजार वर्षांत तो झपाट्याने घटलेला दिसला. टीबीने तो निवडून काढला असा अर्थ लावला गेला. आणि ज्यांच्यात तो उरला त्यांना सोरायसिस, मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारख्या स्वतःवर उलटणाऱ्या आजारांपासून संरक्षण मिळतं. टीवायके२ दाबणारं ड्युक्राव्हासिटिनिब सोरायसिससाठी २०२२ मध्ये मंजूर झालं ते याच धाग्यावरून. ते सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करायला का सांगतात, हे वेगळं सांगायला नको.

काटेकोर

आता सामान्य बदल. इथे पाण्यात पाय जपून टाकावा लागतो.

संपूर्ण जनुकसंच चाळणाऱ्या अभ्यासांची (जीडब्ल्यूएएस) हाती लागलेली फळं: २०१० मध्ये घाना आणि गांबियात १८व्या गुणसूत्रावरची एक ओसाड जागा, जिथे जवळपास जनुकच नाही. २०१२ मध्ये ११व्या गुणसूत्रावर डब्ल्यूटी१ च्या शेजारी. २०१५ मध्ये रशियात साडेपाच हजार रुग्ण आणि तितकेच कंट्रोल (तुलनेसाठी टीबी नसलेले लोक) घेऊन ८व्या गुणसूत्रावरचं एएसएपी१. २०१६ मध्ये आइसलँडमध्ये एचएलएचा (जंतूचे तुकडे टी-पेशींना दाखवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचा) दुसरा वर्ग. २०१९ मध्ये पेरूत, संसर्गानंतर लवकर आजारी पडणाऱ्यांत, ३ऱ्या गुणसूत्रावरची जागा. २०२३ मध्ये बऱ्याच देशांचे १४,१५३ रुग्ण आणि १९,५३६ कंट्रोल एकत्र केल्यावर सगळ्यांत मिळून उंबरठा ओलांडला तो फक्त एचएलए दुसऱ्या वर्गातल्या एका जागेने. आधीच्या जागांपैकी बहुतेक तिथे उभ्या राहिल्या नाहीत.

आनुवंशिकतेचा वाटा किती? पेरूच्या अभ्यासात सुमारे २१ टक्के, २०२३ च्या एकत्रीकरणात गटागटानुसार ५ ते ३६ टक्के. एवढा ताणलेला पल्ला म्हणजे ‘अमुक टक्के’ लिहिणाऱ्या बातमीवर विश्वास ठेवू नका.

नमुना किती मोठा लागतो त्याचं गणित. लोकसंख्येत २० टक्के प्रमाण असलेला बदल, ऑड्स रेशो (धोका किती पट, याचं माप) १.५, पी-मूल्याची (निव्वळ योगायोगाच्या शक्यतेची) मर्यादा ५ × १०⁻⁸, पॉवर (खरा परिणाम हाती लागण्याची शक्यता) ८० टक्के: सुमारे १,३५० रुग्ण आणि तितकेच कंट्रोल पुरतात. ऑड्स रेशो १.२ केला की हाच आकडा ७,००० च्या घरात जातो. आणि टीबीत १.२ च्या आसपासचेच परिणाम अपेक्षित असतात. दोनशे-तीनशे रुग्णांवर ‘या जनुकाने धोका तिप्पट’ म्हणणारे शेकडो लेख आहेत, ते या गणितापुढे ठेवून वाचा.

वाचनमात्र

कंट्रोल कोण घ्यायचे? घरातले निरोगी, की वाटेल ते?

जनुकवाचक

रुग्णासोबत राहूनही आजारी न पडलेले. ज्याच्या वाट्याला जंतूच आला नाही त्याचं ‘निरोगी’ असणं काय कामाचं?

काटेकोर

इथे माझा थोडा मतभेद. संसर्ग झालेल्यांतही आजारी पडणारे १० टक्क्यांच्या आतच असतात. म्हणजे सर्वसामान्य कंट्रोलमध्ये ‘जंतू मिळाला असता तर आजारी पडला असता’ असे दहात एकच, आणि तेवढ्याने परिणाम फारसा पातळ होत नाही. मोठा धोका दुसरा: गरिबी, गर्दी, वस्ती यांनी संसर्गाची शक्यता ठरते, आणि वस्ती बऱ्याचदा वंशानुसार वाटलेली असते. रुग्ण एका वंशाचे आणि कंट्रोल दुसऱ्या वंशाचे निघाले की वंशातला कुठलाही फरक ‘टीबीचं जनुक’ म्हणून उगवतो.

मात्र पहिला टप्पा (संसर्गच न होणं) अभ्यासायचा असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तिथे सहवासाचे तास, रुग्णाच्या थुंकीतले जंतू आणि खोलीचं अंतर मोजल्याशिवाय अभ्यासच होत नाही. त्वचाचाचणीला अजिबात प्रतिक्रिया न येण्याचा संबंध ११व्या गुणसूत्रावरच्या एका जागेशी २००९ मध्ये सापडला, तो दक्षिण आफ्रिकेतल्या अशा वस्तीत जिथे जंतू सगळ्यांच्याच वाट्याला आलेला असणार.

विदा (डेटा) साफ करताना माझा क्रम: ज्या नमुन्यांत २ टक्क्यांहून जास्त जागा वाचल्या गेल्या नाहीत ते वगळायचे, तशाच जागाही. नोंदलेलं लिंग आणि एक्स गुणसूत्र जुळतंय का बघायचं. नळ्यांची अदलाबदल इथेच पकडली जाते. कंट्रोलमध्ये हार्डी-वाइनबर्गचं (जनुकप्रकारांचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे आहे का, या कसोटीचं) पी-मूल्य १०⁻⁶ च्या खाली गेलेल्या जागा काढायच्या. नातेवाईक शोधायचे, घरातले कंट्रोल घेतले की ते ढिगाने निघतात, म्हणून त्यांना फेकून न देता नातं हिशेबात धरणारं मिश्र प्रतिमान वापरायचं. मग जागांची छाटणी करून वंशाचे कल पकडणारे प्रमुख घटक काढायचे आणि ते समीकरणात घालायचे. जीनोमिक इन्फ्लेशन (सगळ्याच निकालांचा कृत्रिम फुगवटा) १.०५ च्या वर गेलं की माझा हात थांबतो. आणि रुग्ण एका चिपवर (जनुकजागा वाचणाऱ्या पट्टीवर), कंट्रोल दुसऱ्या चिपवर, असं कधीही करू नका. त्यातून निघतो तो चिपमधला फरक, रोगातला नव्हे.

सूक्ष्मदर्शक

जंतूच्या बाजूनेही बघा की. क्षयजंतू एक नाही, त्याचे वंश आहेत: हिंदी महासागराच्या काठचा पहिला, पूर्व आशियातला दुसरा (बीजिंग), आणि असे बरेच. २००८ मध्ये व्हिएतनाममध्ये टीएलआर२ या जंतू ओळखणाऱ्या ग्राहीच्या जनुकातला एक बदल बीजिंग वंशाच्या टीबीशी जोडलेला दिसला. एका देशात सापडलेला बदल दुसऱ्या देशात का मिळत नाही, याचं एक उत्तर इथे असू शकतं: कुलूप तेच, पण किल्ली वेगळी. जंतूचा वंश न नोंदता रुग्ण गोळा करणं म्हणजे अर्धी विदा सांडणं.

एचएलएबद्दल एक. बहुतेक जंतू टी-पेशींना ओळखू येणारे आपले तुकडे बदलत राहतात. क्षयजंतूने ते उलट जपून ठेवलेत. त्याच्या जनुकसंचातल्या सर्वांत न बदलणाऱ्या भागांत ते मोडतात. ओळखलं जाणं त्याच्या पथ्यावर पडत असावं: टी-पेशींचा दाह झाला की फुप्फुसात पोकळी होते आणि पोकळीतून खोकल्यावाटे तो बाहेर पडतो.

अडगळ

उंदरांच्या कथाही सांगायला हव्यात, त्यांनी दोनदा फसवलंय. १९९३ मध्ये एनरॅम्प१ (आजचं एसएलसी११ए१) हे जनुक सापडलं. त्यातलं एक अमिनो आम्ल बदललं की उंदीर बीसीजी, साल्मोनेला आणि लीशमॅनियापुढे हतबल होतो. भक्षक पेशीच्या पिशवीतून लोह आणि मँगनीज बाहेर उपसण्याचं त्याचं काम, म्हणजे जंतूची उपासमार. १९९८ मध्ये गांबियात माणसांतही संबंध दिसला. सगळे खूश. पण त्याच उंदरांना खरा क्षयजंतू दिल्यावर या बदलाने फरकच पडला नाही! आणि मोठ्या अभ्यासांत माणसांतलं ते जनुकही उठून दिसलं नाही.

दुसरी फसगत: २००५ मध्ये उंदराच्या प्रवणतेचं श्रेय एसपी११० च्या कुटुंबातल्या जनुकाला मिळालं. २०२१ मध्ये कळलं की खरा हात शेजारच्या एसपी१४० चा. दोघं गुणसूत्रावर लागून, म्हणून सोबतच वारशात जातात.

वाचनमात्र

व्यवहाराचा प्रश्न. एका घरात चार वर्षांत तीन जणांना टीबी झाला तर जनुकीय तपासणी करावी? लाळेवरून ‘टीबी धोका’ सांगणारे संच मिळतात.

काटेकोर

लाळेच्या संचाचा हिशेब करा. आयुष्यभराचा धोका ७ टक्के धरा. ऑड्स रेशो १.२ असलेला बदल तुमच्यात निघाला तर तो ८.३ टक्के होतो. कुपोषणाने धोका सुमारे तिप्पट होतो, मधुमेहाने दोन-तीन पट, एचआयव्हीने दहापटीहून जास्त. रक्तातली साखर आणि वजन मोजणं त्या संचापेक्षा उजवं.

सूक्ष्मदर्शक

आणि घरातल्या तिघांबद्दल: आधी जंतूंचे जनुकसंच वाचा, माणसांचे नंतर. दोन रुग्णांच्या जंतूंत ५ किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर अलीकडेच एकाकडून दुसऱ्याला गेलाय असं धरतात. १२ पेक्षा जास्त असेल तर थेट लागण जवळपास नाही. तिघांचे जंतू एकच निघाले तर घरातली हवा आणि उशिरा झालेलं निदान शोधा. तिघांचे तीन वेगळे निघाले तर मग यजमानाकडे वळायला कारण आहे, आणि तेव्हाही आधी एचआयव्ही, मधुमेह, सिलिकाची धूळ, स्टिरॉइड.

दुवा_तुटला

सहमत. त्यात लहान मूल असेल, आजार सर्वांगी पसरलेला असेल किंवा आईवडील नात्यातले असतील, तर वरची एमएसएमडीची वाट. नुसता फुप्फुसाचा टीबी प्रौढपणी झाला म्हणून एक्झोम करू नका.

औषधयोगी

जनुकं वाचून आजच काही पदरात पडेल अशी जागा माझ्या मते प्रवणतेची नाही, औषधाची आहे. नॅट-टू हे यकृतातलं विकर आयसोनियाझिडला अ‍ॅसिटिल गट लावून निकामी करतं. काहींचं हळू चालतं, काहींचं मध्यम, काहींचं झपाट्याने. युरोप आणि दक्षिण आशियात निम्म्याहून अधिक लोक हळू गटातले, जपानमध्ये जवळपास दहात एक.

हळू असण्याने यकृताला इजा का होते हे नीट समजून घ्या, कारण ‘औषध साचतं म्हणून’ हे अर्धंच उत्तर आहे. आयसोनियाझिडपासून अ‍ॅसिटिल-आयसोनियाझिड, त्यातून अ‍ॅसिटिलहायड्रेझिन हा त्रासदायक तुकडा. त्यालाही पुन्हा अ‍ॅसिटिल लावून निरुपद्रवी करतं ते नॅट-टूच. विकर मंद असलं की हा तुकडा रेंगाळतो आणि सीवायपी२ई१ या दुसऱ्या विकराच्या हाती लागून विषारी होतो. म्हणजे मंदपणा दोन पायऱ्यांवर नडतो.

जपानमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्रा जनुकावरून ठरवली: हळू गटाला वजनाच्या दर किलोला २.५ मिलिग्रॅम, मध्यमला ५, झपाट्याच्या गटाला ७.५. एरवीची मात्रा सगळ्यांना सरसकट ५ च्या आसपास. नेहमीच्या मात्रेवरच्या हळू गटात ७८ टक्क्यांना यकृताची इजा झाली, जनुकावरून मात्रा दिलेल्या हळू गटात कुणालाच नाही. आणि झपाट्याच्या गटात उपचार सुरुवातीलाच अपुरे पडण्याचं प्रमाण ३८ वरून १५ टक्क्यांवर आलं. रुग्णसंख्या छोटी होती, हे लक्षात ठेवूनच वाचा.

चुका कुठे होतात: नॅट-टूच्या जनुकातली ४८१ ही खुणेची जागा तेवढी तपासून मोकळे होणारे पॅनल. ३४१, ५९० आणि ८५७ तपासायलाच हवेत. आफ्रिकी वंशात १९१ ची जागा सोडली तर हळू माणूस ‘झपाट्याचा’ म्हणून अहवालात येतो. हात-पाय बधिर होण्याचा त्रासही हळू गटात जास्त, म्हणून दिवसाला १० ते २५ मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व). आणि अहवाल हातात आला म्हणून स्वतःच गोळी अर्धी करू नये. अपुऱ्या मात्रेतून औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात.

अडगळ

एलटीए४एच या दाह कमी-जास्त करणाऱ्या जनुकाचा किस्साही औषधाकडेच जातो. आधी झेब्राफिशमध्ये, २०१० मध्ये. दाह कमी पडला तरी मासा मरतो, जास्त झाला तरी मरतो. २०१२ मध्ये व्हिएतनाममधल्या मेंदूज्वराच्या टीबीत दिसलं की या जनुकाच्या टीटी प्रकारात डेक्सामिथासोन या स्टिरॉइडचा फायदा ठळक, सीसी प्रकारात नाही. छान जुळतं असं वाटेपर्यंत इंडोनेशियातल्या ६०८ रुग्णांत या जनुकप्रकाराचा जगण्या-मरण्याशी संबंधच दिसला नाही. म्हणून अजून तरी जनुक बघून स्टिरॉइड ठरवणं घाईचं.

वाचनमात्र

@दुवा_तुटला, शेवटचा प्रश्न. रक्त दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर कोणत्या नळीत?

दुवा_तुटला

दोन वेगळ्या नळ्या, आणि यांची गल्लत हीच सगळ्यांत जास्त होणारी चूक.

कार्यचाचणीसाठी हेपरिनची, हिरव्या टोपीची. जिवंत पेशी हव्यात, म्हणून खोलीच्या तापमानाला ठेवायची, फ्रिजमध्ये नाही, गोठवायची तर मुळीच नाही, आणि २४ तासांच्या आत पोहोचवायची. डीएनएसाठी ईडीटीएची, जांभळ्या टोपीची. ही फ्रिजमध्ये काही दिवस चालते. हेपरिनची नळी डीएनएसाठी वापरली तर हेपरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) अडवतं आणि अहवालात ‘नमुना अपुरा’ असं येतं, नमुना भरपूर असूनही.

तिसरी नळी बहुतेक जण विसरतात: त्याच वेळी, त्याच डब्यातून, नात्यात नसलेल्या एका निरोगी माणसाचं हेपरिनमधलं रक्त. वाटेत डबा तापला तर दोन्ही नळ्या निकामी निघतात आणि किमान एवढं कळतं की बिघाड प्रवासात झालाय. ती नळी नसेल तर मेलेल्या पेशींचा अहवाल आनुवंशिक आजार म्हणून हातात येतो. आणि रक्त काढण्याच्या आधी मुलाला स्टिरॉइड चालू असेल तर मात्रा आणि तारीख फॉर्मवर लिहा.